बंदीचे दिवस

दिवाळी अंकाच्या संपादकांचा तिसरा फोन आला
तेव्हा मी इस्त्री करत होते, टेबलावर.
हो, त्याच टेबलावर.
चौदा महिने त्याला दुसरं काम नव्हतं.
"दोनच कविता, ताई. जुलैअखेर."
बघते म्हटलं, आणि कॉलर जाळली.

वहीत काय आहे ते सांगते:
दुधाचा हिशेब, गॅसवाल्याचा नंबर,
आणि एका पानावर "निळसर" इतकंच.
काय निळसर, ते आठवत नाही.
पहाटे उठून पाहिलं. पंखा बघत बसले.
फोर्टातून महागाचं पेन आणलं,
त्याने फक्त सह्या केल्या,
सोसायटीच्या पाण्याच्या नोटिशीवर.

मग पिशवी घेऊन वेसाव्याला गेले,
निदान काहीतरी घरी येईल म्हणून.

बाजारात ताजं काही नव्हतं.
फळ्या धुऊन उलट्या ठेवलेल्या,
बर्फाच्या रिकाम्या पेटीत मांजर झोपलेलं.
बोटी वर ओढलेल्या, ताडपत्रीखाली,
आणि एका बोटीच्या सावलीत म्हातारा
पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून
एकेक आस विणत होता.
आता कशाला, विचारलं मी, समुद्र तर बंद.
त्याने सुई दातात धरली, मला नीट बघितलं.
"मासली नाय म्हून जालं टाकून देतंय का कोन?"
आणि पुन्हा मान खाली.

पुढे एकटी धुरपती बसलेली, टोपल्यांमागे.
"सुका घे गो. बोंबील घे, जवला घे."
कधीचा आहे, विचारलं मी, गिऱ्हाइकाच्या संशयाने.
"मार्चातला. तवा इतका आला, इतका आला,
कुत्री पन तोंड लावीत नव्हती.
तवा वालवला, म्हून आता हाय."
आणि मापावर एक मूठ जास्त टाकली,
वाद मिटवल्यासारखी.

घरी ताटात जवळा पसरला.
निवडायला घेतला: वाळू, शिंपल्याची कपची,
नखाएवढा एक खेकडा, नांग्या शाबूत.
बोटं कामात होती, डोकं मोकळं होतं,
आणि मला माळ्यावरचा बिस्किटांचा डबा आठवला.

स्टूल डगमगत होतं. डबा गंजलेला.
आत बसची तिकिटं, औषधांची बिलं, लग्नपत्रिकांच्या पाठी,
त्या वर्षांतल्या, जेव्हा ओळी इतक्या यायच्या
की अर्ध्या मी तशाच सोडून द्यायचे.
"लिफ्टमनच्या स्टुलाला गादी नाही."
"वरळीला एक माणूस समुद्राकडे पाठ करून डबा खातोय."
अक्षर माझंच, पण घाईतलं,
श्रीमंत माणसाच्या सहीसारखं.

आणि केमिस्टच्या बिलामागे, पेन्सिलने:
"बाबा दवाखान्यात घड्याळ मागतात.
किती वाजले, ते विचारत नाहीत."

ही ओळ मी वापरली नव्हती.
ते तेव्हा जिवंत होते,
आणि मला ते बरं दिसेना.

घड्याळ मागच्या मे महिन्यापासून कपाटात आहे,
साड्यांच्या खाली, रुमालात बांधलेलं.
मी किल्ली दिलेली नाही.
रुमाल सोडला. काच थोडी चरलेली,
पट्ट्याला अजून त्यांच्या मनगटाचा बाक,
आणि तबकडी, खिडकीच्या उजेडात धरली तर,

निळसर.

इस्त्री बाजूला सारली. बिलाच्या मागेच
जागा होती, बोटभर, तिथे लिहायला लागले,
मग जागा संपली म्हणून सोसायटीच्या नोटिशीवर.

जवळा तोवर करपला.
समोरच्या दोशीबाईंनी खिडकी लावून घेतली,
मला ऐकू जाईल अशी.
मी उठले नाही.